मृगाच्या किड्याच्या रंगाचा मणी

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले असून आर्वीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. संत्री, कापूस, सोयाबीन आणि तूर ही या परिसराची ओळख. रत्नांशी किंवा जवाहिऱ्यांशी त्याचे नाव कोणी जोडत नाही. तरीही हाताने घडवलेल्या खड्यांच्या माळांचा आणि त्या खड्यांभोवती पिढ्यानपिढ्या जमत गेलेल्या कथा-समजुतींचा विचार करावयाचा, तर त्याचा आरंभ सराफकट्ट्यावरून करण्याऐवजी अशाच एखाद्या गावाच्या शिवारातून करणे अधिक न्याय्य ठरते. कारण विदर्भातील माणसांनी सर्वप्रथम जे खडे गळ्यात घातले, ते दूरदेशीच्या खाणींतून आलेले नव्हते, ते याच काळ्या खडकाच्या पोटातून निघालेले होते.

दख्खनच्या पठाराचा हा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांपासून तयार झाला. लाव्हा थिजत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या सिलिकायुक्त पाण्याने त्या पोकळ्या भिंतीपासून मध्याकडे थरावर थर चढवीत भरून काढल्या. या भरणाचे कण डोळ्यांना दिसण्याइतके वाढले, तर त्याला स्फटिक किंवा बोलीत गार म्हणतात. ते अतिसूक्ष्म राहिले, तर मेणासारख्या मंद चकाकीचा कॅल्सेडनी तयार होतो. त्यात पट्टे उमटले, तर तो अकीक, ज्याला हकीक असेही म्हटले जाते, आणि लोहाच्या अंशाने त्याला तांबूस रंग आला, तर तो कार्नेलियन, अर्थात तांबडा अकीक. काळा खडक झिजून त्याची काळी माती झाली, पण हे खडे झिजले नाहीत, कारण खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्सच्या १० अंशी मापावर ते सातव्या अंशाच्या जवळपास येतात आणि साध्या चाकूने त्यांच्यावर ओरखडाही उठत नाही. म्हणूनच अशा प्रदेशात नांगराच्या फाळाला गारगोटी लागते, पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्याच्या पात्रात दुधी, पिवळट, तपकिरी गोटे उघडे पडतात, आणि पेरणीला अडथळा नको म्हणून ते वेचून धुऱ्यावर टाकले जातात.

या गोट्यांकडे वेगळ्या नजरेने पाहणारी माणसे विदर्भात फार पूर्वी होऊन गेली. नागपूरच्या वायव्येस असलेल्या माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले, आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील शिळावर्तुळांमध्ये, म्हणजे मृतांभोवती मोठे दगड वर्तुळाकार रचून केलेल्या दफनांमध्ये, लोखंडी हत्यारे आणि घोड्यांच्या तांब्याच्या अलंकारांबरोबर तांबड्या अकीकाचे मणी मिळाले. माहुरझरीचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. तेथील वस्तीच्या जागेत कच्चे गोटे, ओबडधोबड टवके काढलेले मणी, घासून आकार दिलेले पण छिद्र न पाडलेले मणी, छिद्र पाडताना फुटलेले मणी आणि चकाकणारे पूर्ण मणी, अशा घडणीच्या सगळ्या पायऱ्या सापडतात. त्यामुळे हे केवळ दागिने वापरणाऱ्यांचे गाव नव्हते, दागिने घडवणाऱ्यांचेही होते, आणि तो व्यवसाय ऐतिहासिक काळातही चालू राहिला होता, हे निश्चित सांगता येते. शिळावर्तुळे वर्धा जिल्ह्यातील खैरवाड्यालाही मोठ्या संख्येने आहेत. तळेगावहून आर्वीमार्गे वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या काठावर अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर लागते, ज्याला परंपरा रुक्मिणीचे माहेर मानते. त्या टेकाडाचे उत्खनन १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले, हा योगायोगच म्हणावा लागेल, कारण प्राचीन भारतीय मण्यांचा त्यांच्याइतका चिकाटीने अभ्यास करणारा दुसरा संशोधक त्या पिढीत क्वचितच आढळेल. रेषांकित मण्यांवरचा, म्हणजे पांढऱ्या रेषांची नक्षी असलेल्या मण्यांवरचा, त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये. राजांच्या वंशावळी आणि देवळांची शिखरे यांच्याकडेच बहुतेकांचे लक्ष असताना, चिमटीत मावेल एवढ्या वस्तूसाठी आयुष्यातील इतकी वर्षे देणे याला विद्वत्तेबरोबर मायाही लागते.

असा एक मणी जवळून पाहण्याजोगा असतो. दोन्ही टोकांकडे निमुळता, मध्ये फुगीर, लालसर नारिंगी रंगाचा मणी उजेडापुढे धरला, तर त्याच्या आत लाल रंग सगळीकडे सारखा नसतो. कोठे तो दाटतो, कोठे मधाळ होतो, आणि या झिरझिरीत लालीतून छिद्राची नळी अंधूक दिसते. पुष्कळ मण्यांत ही नळी सरळ नसते. कारागिराने एका टोकाकडून निम्मे छिद्र पाडले, मणी उलटा केला आणि दुसऱ्या टोकाकडून पहिल्या छिद्राला गाठले; दोन्ही नळ्या जेथे भेटल्या, तेथे केसभर पायरी राहिली. ती पायरी म्हणजे त्या कारागिराची सही होय, असे म्हटले तर वावगे होणार नाही, कारण बाहेरचा आकार घासून-पुसून सारखा करता येतो, आतली भेट मात्र जशी झाली तशीच राहते.

हे काम कसे होत असावे, याचा अंदाज गुजरातमधील खंभातच्या कारागिरांमुळे बांधता येतो, कारण तेथे अकीकाचे मणी घडवण्याची परंपरा आजही जिवंत आहे. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातील रतनपूरच्या परिसरातून काढलेले गोटे आधी दीर्घकाळ उन्हात वाळवले जातात, नंतर मातीच्या भांड्यांत भरून शेण किंवा भुशाच्या धगीत रात्रभर सावकाश तापवले जातात. घाई केली तर दगड तडकतो. या तापण्याने दगडातील पिवळट लोहसंयुगातील पाणी उडून जाते, त्याचे लाल लोहसंयुगात रूपांतर होते, आणि खाणीतून निघताना मातकट दिसणारा खडा भट्टीतून तांबडा होऊन बाहेर येतो. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर खडा टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके दिले जातात, आणि टवका हातोडीच्या बाजूने न निघता खालच्या टोकाच्या बाजूने निघतो. हा ठोका किती जोराचा असावा हे पुस्तकातून शिकता येत नाही. मग घासणी, मग कमठ्याच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याने छिद्र, ज्याच्या टोकाशी हिरकणी, म्हणजे हिऱ्याची बारीक कणी, बसवलेली असते, आणि शेवटी झिलई, ज्यासाठी पूर्वी मणी चामड्याच्या पिशवीत अकीकाच्याच भुकटीबरोबर भरून ती पिशवी कित्येक दिवस मागेपुढे लोळवीत. हिऱ्यांच्या बाबतीतही विदर्भाला परके म्हणता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात हिऱ्यांच्या उत्पत्तिस्थानांत जे सभाराष्ट्र येते, त्याचा अर्थ टीकेत विदर्भ असा केलेला आहे, आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-इ-अकबरीतही आहे.

रेषांकित मणी हा या कलेचा सर्वांत नाजूक प्रकार. तांबड्या अकीकावर पांढऱ्या रेषा, वर्तुळे, ठिपके आणि नागमोडी आकृती असलेले हे मणी सिंधू संस्कृतीच्या काळापासून घडत होते आणि त्यांतील काही मेसोपोटेमियातील ऊरच्या राजदफनांपर्यंत पोहोचले होते. त्या रेषा कोरलेल्या नसतात. सिंधमधील सेहवान येथे एकोणिसाव्या शतकात आणि पुन्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवल्या गेलेल्या कृतीनुसार धुण्याचा सोडा करीर, अर्थात नेपती, या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांच्या रसात खलून त्या लेपाने बोरूने मण्यावर नक्षी काढायची आणि मणी निखाऱ्यांत तापवायचा, म्हणजे क्षार दगडात शिरून रेष कायमची पांढरी होते. माहुरझरीच्या दफनांत मिळालेल्या मण्यांत असे रेषांकित मणीही आहेत. मृताबरोबर पुरण्यासाठी ज्यांनी असा मणी निवडला, त्यांनी त्याला काही अर्थ दिला असणार. तो अर्थ त्यांच्याबरोबर गेला, पण पुढे संस्कृत ग्रंथांतून खड्यांविषयीची जी विद्या लिहिली गेली, तिच्यात दगडाला अर्थ देण्याची तीच ओढ स्पष्ट दिसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेची स्वतंत्र प्रकरणे आहेत. रत्ने कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर देताना तो तीन मते एकापुढे एक ठेवतो: काहींच्या मते ती बल नावाच्या दैत्यापासून झाली, काहींच्या मते दधीची ऋषींपासून, आणि काही म्हणतात की दगडांतील ही विविधता म्हणजे भूमीचा स्वभावच होय. तो कोणाचेही मत खोडून काढीत बसत नाही. कथा आणि निसर्गाचे निरीक्षण यांना एकाच पंक्तीत बसवणारी ही वृत्ती मोठी मोलाची आहे, कारण त्यानंतरच्या काळात बहुतेकांनी या दोहोंपैकी एकाचीच बाजू धरली.

बलासुराची कथा गरुडपुराणात विस्ताराने येते. या दैत्याने इंद्रालाही जिंकले होते. देवांनी एक यज्ञ आरंभला आणि त्यात यज्ञपशू होण्याची विनंती त्यालाच केली, त्याने शब्द दिला आणि तो पाळताना प्राण गमावला. त्या शुद्ध कर्मामुळे त्याच्या देहाचे अवयव रत्नांची बीजे झाले, आणि देव ती आकाशमार्गे नेत असताना समुद्रांत, नद्यांत, पर्वतांवर आणि अरण्यांत जेथे जेथे ती पडली, तेथे तेथे खाणी निर्माण झाल्या. अस्थींचे हिरे झाले, दातांचे मोती, रक्ताचे माणिक, पित्ताचे पाचू, डोळ्यांचे इंद्रनील. माणसाने गळ्यात घातलेली प्रत्येक रत्नमाळ या कथेनुसार एका दिलेल्या शब्दाचे अवशेष ठरते, आणि तो शब्द देवाने नव्हे तर दैत्याने पाळलेला आहे, ही त्या कल्पनेतील नीती विसरण्यासारखी नाही.

त्याच पुराणात रुधिर नावाच्या रत्नाचा एक छोटा अध्याय आहे, आणि अभ्यासक या रुधिराची ओळख सामान्यतः तांबड्या अकीकाशी पटवतात. तेथे असे सांगितले आहे की अग्नीने त्या दानवाचे रूप घेऊन ते नर्मदेत टाकले, आणि तेथे जे रत्न मिळते ते इंद्रगोपासारखे आणि पोपटाच्या चोचीसारखे लाल असते. इंद्रगोप म्हणजे मृगाचा किडा. मृग नक्षत्र लागून पहिला पाऊस पडला की भिजलेल्या काळ्या मातीवर मखमली लाल रंगाचा जो इवलासा जीव चालताना दिसतो, तो विदर्भातील कोणत्याही शेतकरी घरातील मुलाला माहीत असतो. रंग सांगण्यासाठी ग्रंथकाराने माणिक किंवा सूर्योदय न निवडता नेमका हा किडा निवडला, यावरून त्याने खडा आणि माती दोन्ही एकत्र पाहिली असावीत असे वाटते. त्याहून विलक्षण आहे ते या कथेतील अग्नीचे स्थान. नर्मदेच्या खोऱ्यात अकीक खरोखरच मिळतो, आणि त्याला लाली येते ती खरोखरच आगीमुळे. म्हणजे भट्टीवर बसणाऱ्या कारागिराला जे हाताने ठाऊक होते, तेच पुराणकाराने देवतेच्या नावाने सांगितले. खड्यांच्या कथा या निव्वळ भाबडेपणातून जन्मलेल्या असतात, हे सुशिक्षितांचे मत इथे टिकत नाही. अशा कथांमध्ये कामाच्या माहितीचा अर्क साठलेला असतो, मात्र तो ओळखण्यासाठी खडा घडताना पाहावा लागतो.

आज खड्यांविषयी सर्वाधिक बोलले जाते ते ग्रहांच्या संदर्भात. सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद आणि केतूला लसण्या, ही नवरत्नांची मांडणी आता इतकी रुळली आहे की तीच मूळ रत्नविद्या होय असा समज झाला आहे. वस्तुतः वराहमिहिर हा स्वतः थोर ज्योतिषी असूनही त्याने २२ रत्नांची नावे देऊन त्यांतील हिरा, मोती, माणिक आणि पाचू या चारांचेच विस्ताराने वर्णन केले, आणि ते करताना ग्रहांची ही नऊ खणांची वाटणी आधाराला घेतली नाही. शुभ लक्षणांचे रत्न राजाला कल्याणकारक आणि अशुभ लक्षणांचे घातक, असे तोही मानतो. पण त्या लक्षणांचा शोध तो खड्यातच घेतो. रेष आहे का, आत ठिपका आहे का, धार तुटली आहे का, किरण कसे दिसतात, हे सगळे डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते, आणि म्हणूनच त्या विद्येचे नाव परीक्षा असे पडले. ग्रहांच्या कोष्टकाने ही पाहण्याची गरज कमी केली. खड्याकडे न पाहता पत्रिकेकडे पाहून खडा ठरू लागला, ही त्या विद्येची हानीच झाली. वराहमिहिराच्या यादीत असलेला रुधिर नवरत्नांत आला नाही, आणि ज्या मातीत तो मिळतो, तेथेही त्याची कीर्ती उरली नाही.

खडा एकटा असताना तो रत्न असतो. धाग्यात आल्यावर त्याचा अलंकार होतो. अर्थशास्त्रात माळांचे प्रकार सरांच्या संख्येवरून दिलेले आहेत, आणि ती संख्या वाचताना राजवैभवाची कल्पना येते: १००८ सरांचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्या ५०४ सरांचा विजयच्छंद, ६४ सरांचा अर्धहार, २७ सरांची नक्षत्रमाला. पण त्याच यादीच्या शेवटाकडे एका सराच्या साध्या माळाही येतात. केवळ मोत्यांचा एक सर म्हणजे एकावली, तिच्या मध्यभागी खडा ओवला की तिची यष्टी होते, आणि सोने व खडे मिळून झालेली ती रत्नावली. सर्वसामान्य स्त्रीच्या गळ्यातील एकदाणीचा आणि पोतीचा पूर्वज शोधायचा तो या एका सराच्या माळांत.

धागा मात्र टिकत नाही. जमिनीत शतकानुशतके पडलेला दगड जसाच्या तसा निघतो आणि सूत, रेशीम, ताग कुजून जाते. त्यामुळे संग्रहालयात काचेआड दिसणाऱ्या प्राचीन माळा बहुतेक वेळा आजच्या हातांनी ओवलेल्या असतात, आणि कोणत्या मण्याशेजारी कोणता मणी होता, ही मूळच्या कारागिराची निवड कायमची हरवलेली असते. याला एक हृद्य अपवाद महाराष्ट्रात सापडला. प्रवरेकाठच्या नेवासे येथे, जेथे हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले, ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि तांब्याच्या गंजाने धाग्याचे तंतू जपल्यामुळे त्यात रेशीम आणि कापूस असल्याचे तपासणीत दिसून आले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लहान मुलाच्या गळ्यासाठी कोणीतरी रेशमाचा धागा वळला होता.

धाग्याचे हे काम मराठी मुलखात पटवेकऱ्याचे, ज्याला पटवी असेही म्हणतात. पायाच्या अंगठ्याला किंवा खुंटीला धागा अडकवून, त्याला पीळ देत, मेण लावून गुळगुळीत करीत तो मणी ओवतो, मण्यांवरचा ताण बोटांनी जोखतो, खड्यांच्या मधोमध मेरुमणी बसवतो आणि शेवटी गोंडा बांधून गाठ अशी दडवतो की ती मानेला टोचू नये. खडे महाग असोत वा स्वस्त, माळ गळ्यात नीट बसते की उलटते, हे त्याच्याच हातावर अवलंबून असते. तरी दागिन्याच्या किमतीत आणि कौतुकात त्याचा वाटा नेहमीच सर्वांत कमी राहिला. गीतेत सर्व जग ईश्वराच्या ठायी धाग्यात मणी ओवावेत तसे ओवलेले आहे, असा दृष्टांत आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना मणीही सोन्याचे आणि सूतही सोन्याचेच केले. धाग्याला मण्याच्या बरोबरीचे मोल देणारी ही कल्पना तत्त्वज्ञानासाठी आलेली असली, तरी पटवेकऱ्याच्या कामाचा इतका मोठा सन्मान दुसरीकडे कोठे झालेला नाही.

खड्यांविषयीच्या समजुतींपैकी जी घराघरांत सर्वांत खोल रुजली, ती ग्रहांची नाही, दृष्टीची आहे. तान्ह्या मुलाच्या मनगटाला पोवळ्यांबरोबर काळ्यावर पांढरे ठिपके असलेला दृष्टमणी बांधला जातो आणि विवाहितेच्या गळ्यात काळी पोत असते. डोळ्यासारखा दिसणारा मणी वाईट नजर परतवतो, ही श्रद्धा भूमध्यसागरापासून भारतापर्यंत पसरलेली आहे, आणि अकीकाचा पट्टा असा कापायचा की मण्यावर बुबुळासारखे वर्तुळ यावे, ही युक्तीही प्राचीन कारागिरांना अवगत होती. रेषांकित मण्यावरच्या पांढऱ्या वर्तुळांचा आजच्या दृष्टमण्याशी थेट वंशसंबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु लेकराच्या अंगावर आपल्या वतीने जागा राहणारा एक डोळा असावा, ही आईची इच्छा दोन्हीकडे एकच असू शकते. आजचे हे मणी बहुधा काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. सातवाहनकाळापासूनच काचेचा मणी दगडी मण्याची जागा घेऊ लागला होता, आणि समजुतीला त्याने काही बाधा आली नाही.

अलीकडे हाताने केलेल्या खड्यांच्या माळांना पुन्हा मागणी आली आहे. प्रदर्शनांत, शहरातील दुकानांत, लग्नसराईत तांबड्या, हिरव्या, काळ्या अकीकाच्या माळा दिसतात, आणि प्रत्येक रंगाबरोबर तो कोणता लाभ देतो याची चिठ्ठीही जोडलेली असते. त्यांतील गडद काळा खडा पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून आम्लाने काळा केलेला असतो आणि चमकदार निळा-हिरवा रंग रासायनिक असतो. ही रंगवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन येथे पूर्णत्वाला गेली. रंगवणे हा अपराध नव्हे, कारण भट्टीत तापवून लाली आणणे हाही हस्तक्षेपच आहे. तरी दोहोंत फरक आहे: भट्टी दगडातलेच लोह जागे करते, रसायन बाहेरचा रंग आत भरते, आणि खरेदीदाराला तो फरक सांगितला जात नाही, तेव्हा मात्र व्यवहार खोटा ठरतो.

चिठ्ठीवर न येणारी दुसरी एक गोष्ट याहून गंभीर आहे. अकीक म्हणजे सिलिका, आणि तो विजेच्या चाकावर कोरडा घासताना उडणारी बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन तेथे कायमचे व्रण करते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, तो बरा होत नाही, आणि त्याच्या जोडीने क्षयाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केलेला आहे. तेथे घासणीचे काम बहुतांशी घरांतच चालते, मजुरी नगावर मिळते, आणि ज्या खोलीत चाक फिरते त्याच खोलीत किंवा तिच्या उंबऱ्याशी बायकामुलांचा दिवस जातो. सदोष रत्न धारण करणाऱ्यावर कोणते संकट येते, हे रत्नपरीक्षेच्या ग्रंथांनी दोषागणिक सांगितले आहे; निर्दोष मणी घडवणाऱ्याच्या छातीत काय साठते, याचा श्लोक त्यांत नाही. चाकावर पाण्याची धार सोडली किंवा धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, तर हवेत उडणारी धूळ पुष्कळ कमी होते. त्याचा खर्च एका माळेच्या किमतीपुढे मोठा नाही, पण नगावर काम करणाऱ्या घराला तो एकट्याने पेलत नाही, आणि माळ विकणाऱ्या साखळीत तो वाटून घेण्याची रीत अजून पडलेली नाही.